करपलेल्या दुधाचा वास

रत्नागिरीच्या निवास-आरोग्य प्रयोगशाळेत सकाळपासून दूध करपत होतं. एक पातेलं खाली उतरलं की दुसरं शेगडीवर चढत होतं, आणि डॉ. वैदेही आगाशे प्रत्येक पातेल्यात नाक खुपसून काहीबाही टिपून घेत होती. डॉ. इरफान मुकादम दारातच थबकला. जहाजांच्या पोटात साचणाऱ्या विषारी वायूंवर बरीच वर्षं काम करून तो त्याच आठवड्यात इथे रुजू झाला होता, पण असला वायू त्याने कामाच्या ठिकाणी कधी अनुभवला नव्हता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "सरकार आपल्याला पगार देतं ते भाड्याच्या घरांतली ओल घालवायला. मग दूध कशाला जाळतोय आपण?"

"सांगते. आधी ती खिडकी उघड." वैदेहीने शेगडी बंद केली. "भाड्याच्या घरात भिंतीला ओल येते. बुरशी धरते. पोरं खोकायला लागतात. भाडेकरू मालकाला सांगतो. मालक काय म्हणतो?"

"बघू."

"अगदी. आणि तो वाईट असतो म्हणून तसं म्हणत नाही. ओल त्याच्या नाकाशी नसते, म्हणून त्याला ती खरी वाटत नाही. आपण ती त्याच्या नाकाशी नेऊन ठेवायची, एवढंच." तिने टेबलावरची बशीएवढी पांढरी चकती उचलली. "ही श्वासपाटी. भाड्याच्या घरात प्रत्येक खोलीच्या भिंतीत बसवायची. ही हवा चाखते. दमटपणा, उष्णता, कोंदटपणा, वास, वायू, सगळं. आणि ही प्रतिश्वास पेटी. ही मालकाच्या झोपायच्या खोलीत. पाटी जे चाखेल ते पेटी हुबेहूब तयार करून सोडणार. बुरशीचे कण नाही हं, फक्त तिचा वास आणि दमटपणा. आपल्याला मालकाला आजारी पाडायचं नाही, जागं करायचं आहे."

"मालकाची पाच घरं असली तर?"

"पाचांतल्या सगळ्यांत वाईट घराची हवा."

इरफानला मौज वाटली. "आणि भाडेकरूने बोंबील तळले तर?"

"तर मालकाला बोंबलांचा वास."

"मग मला मालक करा. मी तक्रार करणार नाही." तो खुर्ची ओढून बसला. "पण आकडे कुणाकडे जमा होणार? सरकारकडे?"

"कुणाकडेच नाही. आपल्याकडेसुद्धा नाही. भाडेकरूच्या घरात डोकावायचा हक्क कुणालाच नको. हवा जाईल ती फक्त मालकाच्या नाकापर्यंत."

इरफानचा चेहरा गंभीर झाला. "कार्बन मोनॉक्साइडचं काय? आम्ही त्याला मुका वायू म्हणायचो. त्याला ना रंग, ना वास. कोंडलेल्या हवेत कोळसा, गॅस, काहीही जळलं की तो तयार होतो. माणसाचं आधी डोकं जड होतं, मग झोप येते. इतकी छान झोप, की उठावंसंच वाटत नाही. तो तुम्ही मालकाच्या खोलीत सोडणार?"

"म्हणून तर दूध," वैदेही म्हणाली. "पाटीला मुका वायू लागला की पेटी त्याच्या जागी एक वास सोडणार. असा वास, की माणूस असेल तिथून उठलाच पाहिजे. आता खरं सांग, मघाशी दारात आल्यावर पहिलं काय केलंस?"

"शेगडीकडे धावणार होतो."

"बघ! भोंगा वाजला तर लोक कुशीवर वळतात. दूध करपलं तर मेलेला माणूससुद्धा उठून गॅस बंद करेल."

"आणि खरंच दूध करपलं असलं तर?"

"तर मालक जाऊन भाडेकरूचा गॅस बंद करेल. बिघडलं काय?"

तरीही इरफानने एक हट्ट सोडला नाही: भाड्याच्या खोलीत एक भोंगासुद्धा हवाच. वासावर सगळी भिस्त ठेवायची नाही. वैदेहीने ते मान्य केलं. येऊ घातलेल्या कायद्यातलं शिक्षेचं कलम मात्र तिने स्वतः लिहिलं. दंड ठोकला तर मालक तो पुढच्या भाड्यातून वसूल करतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून जो मालक भाड्याचं घर धोक्याचं करील, त्याने महिनाभर त्या घरात राहायचं आणि भाडेकरूने मालकाच्या घरात. पेटी जागेवरच राहणार, म्हणून त्या महिन्यापुरती मालकाची सगळी कर्तव्यंही पेटीसमोर राहणाऱ्याकडे.

"म्हणजे महिनाभर भाडेकरूच मालक?" इरफानने विचारलं.

"कायद्याच्या दृष्टीने, हो."

समश्वास कायदा आला आणि किनारपट्टीवरच्या गवंड्यांना आणि प्लंबरांना चांगले दिवस आले. वर्षानुवर्षं 'बघू' म्हणणारे लोक भल्या पहाटे फोन करून 'आत्ताच्या आत्ता या' म्हणू लागले. एका शाकाहारी गृहस्थांनी खेकड्यांच्या कालवणाविरुद्ध कोर्टात धाव घेतली. न्यायालयाने त्यांना सांगितलं, की कालवण हा घराचा दोष नव्हे. वर्षभराने तेच गृहस्थ भाडेकरणीला पाककृती विचारताना दिसले, असं लोक सांगतात. खरं-खोटं देव जाणे, पण भाड्याच्या घरांतली पोरं खोकायची थांबली, हे खरं.

एक घर मात्र वैदेहीच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि ते तिच्या आईचं होतं. माई, म्हणजे इंदुमती आगाशे, खाली एकटीच राहायची. वरच्या मजल्यावर भाडेकरू. वैदेहीचे वडील गेल्यापासून तिने माईला प्रयोगशाळेच्या वसाहतीत राहायला बोलावून पाहिलं, रागावून पाहिलं, रडूनही पाहिलं. शेवटी म्हणाली, निदान तुझ्याही खोल्यांत श्वासपाट्या बसवू दे.

"का म्हणून? माझ्याच घरात मी भाडेकरू आहे का?" माईने तिथल्या तिथे विषय संपवला. "मला काही धाड भरलेली नाही."

तेव्हा उरला रोज संध्याकाळचा फोन. "माई, जेवलीस?" "कधीच! मऊभात केला होता, वर मेतकूट, तूप." एवढं ऐकलं की वैदेहीला बरं वाटायचं. सगळ्या किनारपट्टीवरच्या घरांची हवा तिचं यंत्र राखत होतं, आणि आईची खबर तिला त्या एका वाक्यावरून घ्यावी लागत होती.

वरचे भाडेकरू होते मनोज आणि नयना उईके, गोंदियाचे. मनोज बंदरावर क्रेन चालवायचा. नयनाला दिवस गेले तेव्हा माईने पेटीतून येणाऱ्या वासावरूनच ते ओळखलं. "सकाळचा चहा बंद झाला वरचा, आणि लिंबाचा वास यायला लागला. मला शिकवायला हवं होय?" नयनाला आई नव्हती. बाळंतपणाला माहेरी जाणार कुठे, असा प्रश्न पडायच्या आत माईने तो निकालात काढला. "इथेच. मी आहे ना."

मुलगी झाली. माईच्या अंगात वीस वर्षांपूर्वीचं बळ आलं. डिंकाचे लाडू झाले, अळिवाची खीर झाली, बाळाला तेल लावणं झालं. आणि शेकशेगडी तर हवीच. निखारे, त्यावर ओवा, शेपा, वावडिंग, आणि त्या धुरीत बाळ-बाळंतीण. माईला तिच्या आईने दिली होती, आईला आजीने. फोनवर माईचा आवाज नुसता फुलून यायचा. "धुरी दिली की दोघी कशा गाढ झोपतात गो! नयना तर हाक मारली तरी उठत नाही."

वैदेहीला ऐकून माया दाटून आली. तिने विचारलं ते एवढंच, की तू दमत नाहीस ना.

माघातल्या एका दुपारी ती बाळाला बघायला घरी गेली. बाहेर बोचरा वारा सुटला होता. अंगणातूनच तिला वास आला, आणि आत शिरली तर स्वयंपाकघरात मनोज ओट्यापाशी पहारेकऱ्यासारखा उभा. समोर दुधाचं पातेलं.

"मनोज, दूध करपलं वाटतं?"

"मी तेच पाहून राहिलो, ताई." तो पार गोंधळला होता. "माईनं सांगितलं, खिरीचं दूध आहे, इथून हलू नको. मी हललो नाही. हे पाहा न, साधी सायसुद्धा नाही आली. आणि वास तर असा, जसं सारं पातेलं जळलं."

वैदेहीने पातेल्यात पाहिलं. दूध जेमतेम कोमट होतं. वास येत होता तो शेजारच्या माईच्या खोलीतून.

"माई कुठेय?"

"वर. धुरी देऊन राहिल्या. मला म्हणाल्या, पुरुषमाणसाचं तिथे काय काम, सारखं दार उघडून वारा आत आणतोस..."

पुढचं तिने ऐकलंच नाही. ती जिन्याकडे धावली आणि तिच्या मागे, काही न कळूनही, मनोज. दार आतून नुसतं लोटलेलं होतं, पण फटीत चादर कोंबल्याने ते उघडेना. मनोजने खांदा लावला. आत उबदार, सुगंधी, गोड अशी हवा कोंडलेली होती. झरोक्यात जुनं लुगडं ठासून भरलेलं. पलंगावर नयना निपचित, आणि आरामखुर्चीत बाळाला छातीशी धरून माई. तिघींच्याही चेहऱ्यावर कमालीची शांत झोप होती.

वैदेहीने खिडक्या उघडल्या, लुगडं ओढून काढलं. मनोजने आधी बाळ उचललं, मग नयनाला, आणि वैदेहीने माईला बखोटीला धरून गॅलरीत आणलं. गार वारा तोंडावर बसला तसं बाळाने तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. वैदेहीने उभ्या आयुष्यात इतका गोड आवाज ऐकला नव्हता. ती तिथेच फरशीवर बसून रडली.

रुग्णवाहिका आली, प्राणवायू लावला गेला, आणि संध्याकाळपर्यंत डॉक्टरांनी तिघींनाही काही धोका नसल्याचं सांगितलं. बाळाला रात्रभर नजरेखाली ठेवणार होते. बाहेरच्या बाकावर इरफान वैदेहीजवळ येऊन बसला.

"भोंगा का नाही वाजला?" त्याने विचारलं.

"माईने काढून गोधडीत गुंडाळून कपाटात ठेवला होता. जरा धूर झाला की केकाटायचा, बाळ दचकायचं." वैदेहीने डोळे पुसले. "आणि पेटी रोज तिला सांगत होती, इरफान. धुरी देऊन ती खाली यायची तेव्हा खोलीत थोडा वास राहिलेला असायचा. तिला वाटायचं आपल्याच हातून दूध लागलं. ती पातेली घासत बसायची."

इरफानने मान डोलावली. "आपण धरून चाललो की मालक आपल्या घरात असतो आणि भाडेकरू त्याच्या. मालकीण सगळा दिवस भाडेकरणीच्या उशाशी बसेल, हे आपल्या गणितात नव्हतंच."

"मग वाचल्या त्या केवळ नशिबाने?"

"नाही. भाडेकरू मालकिणीच्या ओट्याशी उभा होता ना. तुझी पेटी माणूस ओळखत नाही. तिच्यासमोर जो उभा असेल त्याला ती सांगते."

दुसऱ्या दिवशी माई घरी आली ती एकदम लहान झाल्यासारखी. नयनाने तिचे हात धरले, मनोजने सांगितलं की आमची काही तक्रार नाही, झालं ते मायेपोटी झालं. माईने हात सोडवून घेतले.

"मायेने केलं म्हणून विष कमी होतं का रे?" ती म्हणाली. "घर माझं. झरोका मी बुजवला, भोंगा मी काढला. दुसऱ्या कुणी केलं असतं तर मीच त्याला फाडून खाल्लं असतं." मग तिने लेकीकडे पाहिलं. "कायद्यात काय लिहिलंयस ते कर."

अशा रीतीने समश्वास कायद्याची रत्नागिरीतली पहिली अदलाबदल कायदा लिहिणारणीच्याच घरात झाली. माई पिशवीत दोन लुगडी आणि देवातला बाळकृष्ण घेऊन वर गेली. मनोज, नयना आणि बाळ खाली आले. शिक्षा म्हणावी तर तिच्यात शिक्षेसारखं फार काही नव्हतं. माई सकाळी खाली यायची, बाळाला न्हाऊमाखू घालायची (उघड्या खिडकीत, धुरीचं नावही न काढता), सगळ्यांचा स्वयंपाक करायची, दुपारी त्यांच्याबरोबर जेवायची. दिवेलागणीला मात्र उठायची. "रात्रीचं मी माझं वर करून घेते. नियम म्हणजे नियम."

महिना संपत आला होता तेव्हा मनोजचा फोन आला. "ताई, एक तक्रार द्यायची आहे."

वैदेही संध्याकाळी पोचली तेव्हा माई नुकतीच वर गेली होती. नयना बाळाला मांडीवर घेऊन प्रतिश्वास पेटीसमोर बसली होती. मनोज उभाच होता, आणि शाळेत धडा म्हणून दाखवायचा असावा तसा बोलू लागला.

"कायद्यात लिहिलं आहे न, अदलाबदलीत जो पेटीसमोर राहील त्याच्यावर मालकाची सारी कर्तव्यं? म्हणजे या महिन्याचे मालक आम्ही. आणि माई आमची भाडेकरू."

"हो."

"मग भाडेकरूच्या घरात काही बिघाड असला तर आम्हीच पाहायचा न?"

"वर काही बिघडलंय का? ओल आली?"

"तुम्हीच पाहा," नयना म्हणाली आणि थोडी सरकली. "वास घ्या, ताई."

वैदेही पेटीशी वाकली. उदबत्तीचा वास आला, म्हणजे माईने देवापाशी दिवा लावला होता. थोडा समुद्राचा खारेपणा, उघड्या खिडकीतून आलेला. ती वाट पाहत राहिली. बाहेर अंधारून आलं. उदबत्तीचा वासही विरला.

"कसलाच वास येत नाहीये," ती म्हणाली.

"तेच," मनोज म्हणाला. "रोज हेच. दिवा लावला की उदबत्ती, मग काहीच नाही. फोडणीचा वास नाही, भाताच्या वाफेचा नाही. आम्हाला वाटलं पेटी बिघडली. मी एक दिवस वर जाऊन मुद्दाम लसूण ठेचून पाहिला. पेटी चांगली आहे."

"आणि आम्ही विचारलं तर म्हणतात, जेवले कधीच," नयना म्हणाली.

वैदेहीने माईला फोन लावला. वरच्या मजल्यावर घंटी वाजलेली तिला छतातून ऐकू आली.

"माई, जेवलीस?"

"कधीच गो!" माईचा आवाज नेहमीसारखा ठणठणीत. "मऊभात केला होता, वर मेतकूट, तूप. तू जेवलीस का?"

पेटी समोरच होती. तिच्यातून ना भात येत होता, ना मेतकूट, ना तूप. वैदेहीला एकाएकी वडील गेल्यापासूनच्या सगळ्या संध्याकाळी आठवल्या. तोच प्रश्न, तेच उत्तर, आणि मधे कुठेही पाटी नाही. दुसऱ्यांसाठी दिवसभर रांधणारी बाई, स्वतःपुरतं कोण चूल पेटवणार म्हणून तशीच झोपत आली होती.

"जेवते आता," ती कसंबसं म्हणाली आणि फोन ठेवला. मग उठून जिन्याकडे निघाली.

नयनाने तिला अडवलं. "तुम्ही आत्ता नका येऊ, ताई. लेकीनं खोटं पकडलं, असं वाटेल त्यांना. आम्ही मालक आहोत, आम्ही जातो." तिने बाळ वैदेहीच्या हातात दिलं. ओट्यावर मऊभात तयारच होता. मनोजने पातेलं उचललं, नयनाने तीन ताटल्या, मेतकुटाची बरणी आणि तुपाचं भांडं घेतलं.

वैदेही पेटीसमोर बसून राहिली. वर दार वाजलं. माईचा आवाज छतातून खाली आला, "अगो, हे काय, मी मघाशीच..." मग मनोज काहीतरी बोलला. माईचं पुढचं बोलणं ऐकू आलं नाही. नंतर पाट सरकवल्याचा आवाज झाला.

आणि पेटीतून गरम भाताची वाफ आली. मग तूप. मग मेतकूट.

वैदेहीने बाळाला उचलून पेटीजवळ धरलं. इवलंसं नाक जरा हललं.

"आला ना वास?" ती म्हणाली. "आजी जेवायला बसली."